कोणाचा रे तू?

मुलांनो, सुटीत तुम्ही मूळ गावी जाता, तेव्हा पारावर बसलेले एखादे वृद्ध गृहस्थ तुम्हांला हाक मारतात आणि विचारतात, "कोणाचा रे तू?" तुमचे नाव ऐकून त्यांचे समाधान होत नाही. वडिलांचे नाव सांगितले तरी ते कपाळाला आठ्या घालून पाहतच राहतात. आजोबांचे नाव सांगावे, तेव्हा कोठे त्यांच्या मुद्रेवर हसू उमटते. "असे होय! म्हणजे तू मळ्यातल्यांचा!" एवढे बोलून ते तुमच्या पणजोबांच्या बैलजोडीची हकीकत सांगू लागतात. ती बैलजोडी तुमच्या वडिलांनीसुद्धा पाहिलेली नसते!

पुण्याच्या वायव्येस पवना नदीच्या काठी थेरगाव आहे. नदीपलीकडे चिंचवड असून तेथे मोरया गोसावी यांची समाधी आहे. आज थेरगावात उंच इमारती दिसतात आणि डांगे चौकातून वाहनांची रीघ लागलेली असते. एके काळी मात्र हे शेतकऱ्यांचे खेडे होते. पहाटे घरोघर जात्याची घरघर ऐकू येई. पुढे काळ पालटला. 1954 साली शेजारच्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि या भागात कारखान्यांची दाटी झाली. 1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली व थेरगाव शहरात सामावले गेले. दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि प्रांतांतून माणसे येथे पोटासाठी आली व येथलीच झाली. जेथे बाजरी डोलत होती तेथे वसाहती उभ्या राहिल्या. अशा गावात जुन्या घराण्यांची आठवण कोठे शोधावी?

ती प्रथम नावांत सापडते. थेरगावात बारणे हे आडनाव पुष्कळ घरांचे आहे. आडनाव एक आणि नावही एक असे दोघे-तिघे गावात निघाले, तर कोणता माणूस कोणता, हे कसे ओळखावे? मग वडिलांचे व आजोबांचे नाव जोडावे लागते. कोणी वरच्या आळीचे होतात, तर कोणी नदीकडचे. एखाद्या घराला आजोबांच्या खोडीवरून पडलेले नाव नातवंडांनाही चिकटते, मग त्यांना ते आवडो वा न आवडो.

ही रीत केवळ आपलीच आहे असे समजू नका. स्कॉटलंडच्या पश्चिमेस समुद्रात हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. तेथील जुनी भाषा गेलिक. तेथेही आडनावे थोडी आणि तीच ती असलेली माणसे फार. म्हणून माणसाच्या नावापुढे बापाचे व आजाचे नाव लावून त्याला ओळखतात. तेथील म्हातारी माणसे अनोळखी मुलाला गेलिक भाषेत जो प्रश्न करतात, त्याचा अर्थ "तू कोणाचा?" असाच होतो! त्या बेटांच्याही पलीकडे सेंट किल्डा नावाचे एकाकी बेट आहे. समुद्रपक्षी धरून आणि मेंढ्या पाळून तेथले लोक गुजराण करीत. तरुण माणसे बेट सोडून गेली, आजारपणात मदत मिळेना, तेव्हा 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेल्या 36 माणसांनी आपली घरे कायमची सोडली. माणसे पांगली आणि "तू कोणाचा?" असे विचारणारे त्या बेटावर कोणी उरले नाही. थेरगावची माणसे गावातच राहिली. त्यांच्या भोवतालचे शेतशिवार तेवढे गेले.

आठवणीचे दुसरे ठिकाण म्हणजे जुनी दप्तरे. गावात जन्म किंवा मृत्यू झाला, की त्याची नोंद गाव नमुना क्रमांक 14 या वहीत होई. लोक हिला 'कोतवाल बुक' म्हणतात. अशा पुष्कळ जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत, त्यामुळे त्या वाचण्यास जाणकार माणूस शोधावा लागतो. शेतकरी वारला, की त्याच्या वारसांची नावे फेरफाराच्या वहीत चढतात. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही प्रसिद्ध आहेत. यात्रेला आलेल्या माणसाचे नाव, गाव व भाऊबंद ते लिहून ठेवतात, आणि नातू गेला असता आजोबांची नोंद त्याच्यापुढे उघडून धरतात. कित्येक घराण्यांत लग्नाच्या वेळी देवक बसवितात. कोणाचे देवक कळंब, तर कोणाचे पंचपालवी. एका देवकाची घरे ती भावकी, असे मानून त्यांच्यात सोयरीक करीत नाहीत. म्हणजे झाडाची एक डहाळीसुद्धा घराण्याची खूण ठरते.

पण या साऱ्यांत एक मोठी उणीव आहे. वंशावळीचा कागद उलगडून पाहा. बाप, मुलगा, नातू अशी नावे ओळीने दिसतील. आई, मुलगी, नात बहुधा दिसणार नाहीत. लेक लग्न होऊन परगावी गेली, की माहेरच्या कागदातून गळे, आणि सासरी पुष्कळदा तिचे नावही बदलत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वारसांत जागा दिली, आणि 2005 साली वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतका हक्क मिळाला. तत्पूर्वीच्या कागदांत तिचा शोध घेणे फार कठीण. माझ्या पणजोबांच्या मागच्या तीन पिढ्या मला सांगता येतात. पणजीचे माहेरचे नाव मात्र घरात कोणालाच ठाऊक नाही.

मग त्या बायांनी आपली आठवण कोठे ठेवली? ती त्यांनी जात्याजवळ ठेवली. पहाटे दळताना आई, बाप, भाऊ, माहेरची वाट, सासरचे कष्ट हे सारे त्या ओवीत गुंफीत. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही विसरू लागल्या. तेव्हा हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुळशी, मावळ इत्यादी भागांतील खेड्यांत हिंडून ओव्या गोळा केल्या. वृद्ध बाया प्रथम लाजत, "आता कुठलं आठवायला?" म्हणत, आणि खुंटा हाती धरताच त्यांना एकीमागून एक ओवी सुचे. असा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. त्यात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गावही लिहून ठेवलेले आहे.