दवाखान्यात ‘व्हय’ म्हणण्याआधी

भोरची एस.टी. स्वारगेटला लागते. तिथून माणसं ससूनला पोचतात. आधी केसपेपरची रांग, मग तपासणीची. डॉक्टरांसमोर बसायला मिळतात ती जेमतेम दोन-चार मिनिटं.

“रक्त कमी आहे. रोज एक गोळी. चहाबरोबर नको. कळलं?”

“व्हय.”

बाहेर आल्यावर सून सासूला विचारते, “काय म्हनलं वं आत्याबाई, डाक्तर?”

असा प्रसंग आपल्यापैकी कितीकांनी अनुभवला असेल! गरोदर बाईला लोहाची गोळी रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची असते. त्या गोळीनं शौचाला काळी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे कुणी सांगितलेलंच नसतं. मग ‘गोळ्या बाधल्या’ म्हणून त्या फळीवर पडून राहतात. रक्त वाढत नाही आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर जिवावर बेततं. औषध फुकट मिळालं, पण दोन वाक्यं मिळाली नाहीत.

ही दोन वाक्यं कशी बोलावीत, हे आता डॉक्टरांना शिकवलं जातं. २०१९ च्या तुकडीपासून देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ नावाचा भाग आला. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हे त्याचे विषय. ससूनशी जोडलेल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सगळ्याच महाविद्यालयांना तो लागू आहे. शरीररचनेबरोबर रुग्णाचं ऐकून घेणं, समजावून सांगणं, संमती घेणं हेही शिकायचं.

यातली एक साधी युक्ती अशी : ‘समजलं का?’ असं विचारायचंच नाही. ‘घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, ते मला सांगा,’ असं म्हणायचं. चूक तिथंच कळते.

भाषेचाही प्रश्न आहेच. सरकारी महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. परप्रांतातल्या मुलाला ‘कणकण’, ‘घेरी’, ‘उमासे’ कसे कळावेत? म्हणून सुरुवातीच्या वर्गांत स्थानिक भाषाही ठेवली आहे.

पुणे जिल्ह्याला ही गोष्ट अगदीच नवी नाही. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभारलं. गावातल्याच बायांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं, कारण गावची बोली गावालाच कळते.

जुन्या, व्यवसायात मुरलेल्या डॉक्टरांचं काय? नोंदणीच्या नूतनीकरणासाठी त्यांना पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. त्या शिबिरांत नव्या औषधांइतकीच जागा बोलण्यालाही मिळायला हवी. अर्थात बाहेर दीडशे रुग्ण खोळंबले असताना बोलायचं कधी, हा डॉक्टरांचा प्रश्नही खोटा नाही. नुसत्या शिकवणीनं भागणार नाही, माणसंही वाढवावी लागतील.

तोवर आपण एक करावं. दवाखान्यात ‘व्हय’ म्हणण्याआधी न लाजता म्हणावं, “डॉक्टरसाहेब, मला समजलं ते असं, बरोबर आहे का, तेवढं सांगा.”