दाण्यातले पाणी आणि पाकातले पाणी

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ज्वारी कढत पाण्यातून काढून, निथळून, फडक्यात गच्च बांधून रात्रभर ठेवण्याचा शिरस्ता ज्या घरांत अजून टिकून आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना पॉपकॉर्नची उपपत्ती निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. दाण्याच्या पोटात पाण्याचा अंश असल्यावाचून लाही फुलत नाही, हे सूत्र त्या कोणत्याही ग्रंथाच्या आधारावाचून पाळीत आल्या आहेत. मक्याच्या लाहीचा न्याय तोच. परंतु या लाहीवर साखरेच्या तांबूस पाकाचे आवरण चढवून जो कॅरमेल पॉपकॉर्न होतो, त्यात हेच पाणी, जे आरंभी कारागिराचा मित्र असते, ते लाही फुटल्याच्या क्षणापासून त्याचे वैरी बनते, आणि पुढची सगळी कृती म्हणजे त्याला हद्दपार करण्याचा बंदोबस्त होय.

लाह्यांच्या मक्याच्या दाण्यात शेकडा सुमारे 14 भाग पाणी असते आणि त्याची साल काचेसारखी कठीण व अखंड असते. दाणा तापू लागला की आतल्या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण तिला वाट मिळत नाही. आतील पिष्ट मऊ होऊन शिजते, दाब वातावरणाच्या सुमारे नऊपट होतो, आणि उष्णता 180 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच साल फुटून ते पिष्ट फेसासारखे बाहेर उसळते आणि क्षणार्धात गार होऊन गोठते. मूळ दाण्याच्या जवळजवळ 40 पट आकार होतो तो असा. आपण पावसाळ्यात भाजून खातो त्या कणसाचे वाळलेले दाणे असे फुलत नाहीत, कारण त्यांच्या सालीतून वाफ हळूहळू निसटून जाते. ज्या दाण्यांतले पाणी आटले आहे किंवा ज्यांची साल तडकली आहे, ते कढईच्या तळाशी तसेच राहतात. त्यांना आपल्याकडे गणंग म्हणतात. (निवडणुकीच्या दिवसांत वृत्तपत्रे हा शब्द ज्या मंडळींना बहाल करतात, त्यांच्याविषयी येथे काही लिहिणे अप्रस्तुत होईल.)

गोड लाहीची कल्पना आपल्याला नवी नाही, परंतु या विशिष्ट पदार्थाचे कूळ अमेरिकेतले आहे. शिकागो शहरात जर्मनीहून येऊन स्थायिक झालेल्या र्युकहाइम बंधूंनी लाह्या आणि भुईमुगाचे दाणे काकवीसारख्या काळ्या मळीत घोळवून विकावयास आरंभ केला. त्यांची मोठी अडचण ही की, सगळा माल एकमेकांस चिकटून त्याचे गोळे होत. फिरत्या पिंपात थोडे तेल टाकून माल घोळवण्याची युक्ती सापडली तेव्हा दाणे सुटे राहू लागले, आणि 1896 मध्ये ‘क्रॅकर जॅक’ या नावाची रीतसर नोंदणी झाली. 1912 पासून तर पुड्यात एखादे खेळणे घालण्याची प्रथा पडली, आणि मुले लाह्यांसाठी पुडा फोडतात की खेळण्यासाठी, हे सांगणे दुरापास्त झाले.

आता घरच्या कृतीचा तपशील. 100 ग्रॅम दाणे घेऊन जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल तापवावे, तीन दाणे हेर म्हणून आधी पाठवावेत, आणि ते फुटले की बाकीचे टाकावेत. झाकण किंचित तिरके ठेवावे. ते घट्ट बसवले तर वाफ आतच कोंडते आणि लाही चिवट होते. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की पातेले उतरवावे, लाह्या परातीत ओताव्यात, परात हलवून गणंग तळाशी जमू द्यावेत आणि लाह्या वरच्यावर अलगद उचलून घ्याव्यात. यात हयगय झाली तर पाहुण्याच्या दाढेशी गाठ आहे.

पाकासाठी 150 ग्रॅम साखर, 50 ग्रॅम चिक्कीचा गूळ, 75 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ आणि तीन-चार चमचे पाणी पुरे. परदेशी कृतींत साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून मक्याचे सरबतासारखे दाट द्रावण घालतात. ते काम आपल्याकडे गूळ करतो. हे मिश्रण उकळू लागले की त्यातले पाणी उडत जाते, आणि जसजसे ते उडते तसतसा पाकाचा ताप चढतो. म्हणून पाकाचा ताप सांगणे म्हणजे त्यात पाणी किती उरले ते सांगणेच होय. 120 अंशांच्या सुमारास गोळीबंद पाक होतो, 150 च्या सुमारास चिक्कीचा. माझ्या एका आत्याला हे आकडे ठाऊक नव्हते. ती गार पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकी, बोटांनी गोळी करी आणि ती ताटलीवर सोडून कान देई. गोळी मुकाट बसली तर पाक आणखी आटवी, ‘टण्’ वाजली की तत्क्षणी चूल ओढून घेई.

पाक उतरवताच त्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. उष्णतेने आणि गुळातील किंचित आम्लाने सोड्यातून वायू सुटतो, पाक फसफसून दुप्पट होतो, रंग फिकट बदामी पडतो, आणि त्या असंख्य बुडबुड्यांमुळे आवरण दातांखाली ठिसूळ लागते. सोडा न घातल्यास ते काचेसारखे टणक राहते. भांडे मोठेच घ्यावे, आणि मुलांना त्या घटकेपुरती स्वयंपाकघरातून रजा द्यावी, कारण हा पाक कातडीस चिकटला तर उकळत्या पाण्याहून वाईट भाजतो. यापुढे विलंबास मुभा नाही: तूप लावलेल्या परातीतील लाह्यांवर पाक ओतून, दोन कालथ्यांनी खालच्या वर करीत, गार होईपर्यंत त्या सुट्या करीत राहावे.

अमेरिकेतील गृहिणी पाक बहुधा गोळीबंदच्या आसपासच उतरवतात, आणि उरलेले पाणी ओव्हनच्या स्वाधीन करतात: 120 अंशांवर पाऊण ते एक तास, दर पंधरा मिनिटांनी ढवळून. नवशिक्यास ही रीत निर्धोक, हे कबूल. पण ज्याच्या घरी चिक्की होते त्याने पाक विस्तवावरच पुरता आटवावा, त्या एका तासाची आणि विजेची बचत होते.

एवढा खटाटोप करूनही हवेतले पाणी टपलेलेच असते. गतवर्षी श्रावणात, पाऊस लागून राहिला असताना, मी याच हिशेबाने चार डबे भरले. तीन शेजारी गेले, आणि संध्याकाळच्या आत जिन्यावर कुरकुरण्याचा आवाज ऐकू आला. मुलांनी रिकामे डबे परत आणून दिले तेव्हा त्यांच्या तळाशी चाटूनही न निघालेले तांबूस ठिपके होते. चौथा डबा, झाकण सैल असलेला, मी माझ्याकरिता फडताळात राखून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी उघडला तेव्हा आत गुळाची असावी तशी एक ढेप बसलेली होती, आणि ती काढण्यास सुरी घ्यावी लागली.