सोन्याच्या खाणीसाठी बनलेलं परदेशी क्रशर कर्जत-खालापूरच्या दगडाला चालेल का?

परदेशातून छोटं क्रशर मागवायचं म्हणून इंटरनेटवर शोधाशोध केली, की जाहिरातींमध्ये एक शब्द हमखास दिसतो, तो म्हणजे सोनं. 'छोट्या सोन्याच्या खाणीसाठी उपयुक्त' अशी ओळ, तासाला इतके टन असा आकडा, चकचकीत फोटो आणि इथल्या यंत्रापेक्षा कमी वाटणारी किंमत. कर्जत-खालापूर पट्ट्यात खडीचा धंदा सुरू करू पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं की, दगडच फोडायचा आहे ना, मग सोन्याचं यंत्र खडीला का नाही चालणार?

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यातली काही यंत्रं चालतात, काही अजिबात चालत नाहीत. कोणतं चालेल हे ओळखायचं असेल, तर या दोन धंद्यांत दगडाचं नेमकं काय करायचं असतं ते आधी समजून घ्यावं लागेल.

कर्जत-खालापूरमध्ये सोनं आहे का?

नाही. हा सगळा भाग दख्खनच्या काळ्या बसाल्टचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. कर्नाटकातल्या कोलार आणि हुट्टी इथलं सोनं ज्या खडकात सापडलं, तो २५० कोटी वर्षांहून जुना आहे आणि तिथे सोनं मुख्यतः गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या शिरांमध्ये असतं. महाराष्ट्रात सोन्याच्या नोंदी आहेत त्या नागपूर-भंडारा बाजूच्या जुन्या खडकांत, सह्याद्रीत नाहीत. इथे खोदकामात दगडाच्या पोकळीत पांढरे, हिरवट, चमकदार स्फटिक निघतात. ते झिओलाइट, कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ असतात.

शिवाय भारतात सोनं हे प्रमुख खनिज आहे. १९५७ च्या खाण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्याचे खाणपट्टे लिलावाने दिले जातात. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसारखं चार माणसांनी एक यंत्र घेऊन सोनं काढण्याची सोय आपल्याकडे नाही. बांधकामाचा दगड मात्र गौण खनिजात मोडतो आणि त्याचे नियम राज्य सरकार करतं. म्हणजे या भागात क्रशरचा उपयोग एकच, खडी आणि तिच्यासोबत निघणारी कृत्रिम वाळू.

मुळात क्रशर कशासाठी बनलं?

गंमत म्हणजे जॉ क्रशर हे यंत्र सोन्यासाठी नव्हे, तर रस्त्यासाठीच जन्माला आलं. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात रस्त्याच्या कामावर देखरेख करताना एली व्हिटनी ब्लेक यांनी पाहिलं की, हातोड्याने खडी फोडण्यात फार वेळ आणि माणसं जातात. त्यांनी दोन पोलादी जबड्यांमध्ये दगड चिरडणारं यंत्र तयार केलं आणि १८५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नंतर खाणवाल्यांनी ते उचललं. त्यामुळे 'सोन्यासाठी' म्हणून विकलं जाणारं जॉ क्रशर खडीला परकं नाही. पण त्याच जाहिरातीत शेजारी दिसणारी हॅमर मिल आणि बॉल मिल ही वेगळी जात आहे.

पावडर हवी की नको?

सगळा फरक इथे आहे. सोन्याच्या खनिजात एका टनामागे काही ग्रॅमच सोनं असतं आणि तेही बारीक कणांत अडकलेलं. ते सुटं करायला दगड पिठासारखा दळावा लागतो. बऱ्याच प्रकल्पांत सुमारे ८० टक्के माल ७५ मायक्रॉनच्या खाली नेतात. तिथे पावडर हाच खरा माल.

खडीत उलट आहे. ग्राहकाला २० एमएम, १० एमएम हवी असते. जितकी पावडर जास्त, तितका विकाऊ माल कमी. कृत्रिम वाळूलाही मर्यादा आहे. भारतीय मानक आयएस ३८३ नुसार दगड फोडून केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांपर्यंतच चालतात. म्हणजे सोन्याचं यंत्र जे जितकं जास्त करतं तितकं चांगलं, तेच खडीच्या यंत्राने जितकं कमी केलं तितकं बरं.

म्हणून जाहिरातीतल्या छोट्या हॅमर मिलच्या मोहात पडू नये. तिचे हातोडे वेगाने फिरून दगडाचा भुगा करतात. आपला घट्ट काळा बसाल्ट तिच्यात टाकला, तर हातोडे भराभर झिजतील आणि बाहेर पडेल ती बहुतांश डस्ट. खडीसाठी पहिल्या टप्प्याला जॉ क्रशर, पुढे कोन क्रशर किंवा दुसरं बारीक जॉ क्रशर आणि मग चाळणी अशी साखळी लागते. कृत्रिम वाळूसाठी आणखी पुढे व्हीएसआय नावाचं यंत्र जोडतात. नुसत्या जॉ क्रशरमधून चपटी खडी जास्त निघते आणि काँक्रीटला ती चालत नाही.

'तासाला ६० टन' याचा अर्थ काय?

चिनी यादीत ४०० बाय ६०० असं मॉडेल नेहमी दिसतं. हे तोंडाचं माप मिलिमीटरमध्ये आहे, आपल्या भाषेत साधारण १६ बाय २४ इंच. समोर क्षमता लिहिलेली असते तासाला सुमारे १५ ते ६० टन आणि खालच्या फटीचं माप ४० ते १०० मिलिमीटर. यातला ६० टनांचा आकडा फट पूर्ण उघडी ठेवल्यावरचा आहे, म्हणजे मोठे दगड बाहेर पडतात तेव्हाचा. फट ४० वर आणली की उत्पादन खालच्या आकड्याकडे सरकतं. शिवाय ४० च्या खाली हे यंत्र जातच नाही, म्हणजे २० एमएमसाठी दुसरं यंत्र आलंच. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा: 'घट्ट बसाल्ट, फट ४० मिलिमीटर, तर तासाला किती टन?' उत्तर लेखी घ्या.

वीज आणि सुटे भाग

आपल्याकडे तीन फेजची वीज ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. चीनमधली मोटर बहुधा ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. ती इथल्या जास्त व्होल्टेजवर सतत चालवली तर तापते. अमेरिकी यंत्र ६० हर्ट्झचं असतं. ते इथे एक षष्ठांश मंद फिरेल आणि उत्पादन त्या प्रमाणात घटेल. यंत्र मोटरशिवाय मागवून इथली मोटर बसवणं बऱ्याचदा सोपं पडतं.

सर्वात जास्त झिजते ती जॉ प्लेट. ती मँगनीज पोलादाची असते आणि ठोके खाऊन अधिक कडक होते, तरीही ती ठरावीक काळाने बदलावी लागतेच. टॉगल प्लेट तर मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. चुकून लोखंडाचा तुकडा आत गेला तर आधी ती तुटते आणि महागडा शाफ्ट वाचतो. हे दोन्ही भाग आणि बेअरिंग इथे मिळतात का, नसल्यास नकाशावरून इथल्या फाउंड्रीत ओतून घेता येतील का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. सुटा भाग समुद्रमार्गे येईपर्यंत शेड बंद राहिली, तर स्वस्त यंत्रातला फायदा तिथेच संपतो. यंत्र जुनं असेल तर मुख्य सांगाड्याला तडे आहेत का आणि वेल्डिंगचे ठिगळ किती आहेत, हे रंगाखाली बघायला माणूस पाठवा.

बंदरापासून शेडपर्यंत किती खर्च?

समजा यंत्र, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून १० लाख रुपये झाले. क्रशर सीमाशुल्काच्या ८४७४ या शीर्षकात येतं. ७.५ टक्के मूळ शुल्क धरलं तर ७५,००० रुपये, त्यावर १० टक्के अधिभार ७,५०० रुपये आणि एकूण रकमेवर १८ टक्के आयजीएसटी १,९४,८५० रुपये. म्हणजे करापोटी २,७७,३५० रुपये. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून त्या दिवशीचा दर कस्टम एजंटकडून पक्का करून घ्यावा. आयातीसाठी आयईसी क्रमांकही लागतो.

यातली आयजीएसटीची रक्कम जीएसटी क्रेडिट म्हणून मिळते, पण लगेच नाही. खडीवर जीएसटी ५ टक्के आहे. दुसरं कुठलंही क्रेडिट नसेल, तरी १,९४,८५० रुपये वळते व्हायला सुमारे ३९ लाखांची खडी विकावी लागेल. यंत्रसामग्रीवरच्या अशा शिल्लक क्रेडिटचा रोख परतावा मिळत नाही. न्हावा शेवा बंदर आपल्याच जिल्ह्यात असलं, तरी कागद अडले की कंटेनरचं भाडं दिवसागणिक चढतं.

यंत्राआधी जागा

अनेकांचं गणित इथे उलटं होतं. यंत्र आधी येतं आणि परवानगी नंतर शोधली जाते. २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यात कर्जत, खालापूर आणि पनवेल तालुक्यांतलाही काही भाग येतो आणि तिथे नव्या खाणींना बंदी आहे. आपला गट नंबर त्या हद्दीत येतो का, हे पहिलं बघा.

हद्दीबाहेर असाल तरी २०१३ च्या राज्य गौण खनिज नियमांनुसार उत्खननाची परवानगी, पर्यावरण मंजुरी आणि स्वामित्वधन ही कामं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधल्या दीपक कुमार प्रकरणातल्या आदेशानंतर पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागते. क्रशरसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन संमतिपत्रं लागतात, एक उभारणीआधी आणि दुसरं चालू करण्याआधी. दगड बाहेरून विकत घेणार असाल, तर तो वैध खाणीचा आणि वाहतूक पास असलेलाच घ्यावा लागतो.

धूळ कोणाच्या अंगावर?

नियमानुसार क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटरवर मोजलेली हवेतली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. त्यासाठी यंत्रावर आच्छादन, पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, आवारातला पक्का रस्ता आणि झाडांची रांग सांगितली आहे. जाहिरातीतल्या किमतीत यातलं काहीच नसतं. यात काटकसर झाली की धूळ आधी कामगारांच्या फुप्फुसात जाते आणि मग शेजारच्या भातावर बसते. क्रशर बंद पाडणाऱ्या तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात.

मग क्रम काय ठेवायचा?

आधी गट नंबर आणि हद्द. मग दगड. आपल्या खाणीतला घट्ट आणि भोकाभोकांचा असे दोन्ही नमुने चाचणीला द्या, कारण इथे एकाच डोंगरात दोन्ही थर सापडतात. मग गिऱ्हाईक, म्हणजे कोणत्या मापाची खडी किती ब्रास जाईल. त्यावरून यंत्रांची साखळी ठरवा, सुटे भाग आणि धूळ रोखण्याचा खर्च धरा आणि मग देशी व परदेशी यंत्राची किंमत शेजारी मांडून बघा. अशा हिशेबात कधी परदेशी यंत्र परवडतं, कधी नाही. पण जाहिरातीत 'सोनं' लिहिलं आहे म्हणून कोणतंही यंत्र घेण्याचं कारण मात्र त्यात कुठेच सापडत नाही.