आधी ढाल, मग प्रहार

पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. परंतु फँटसी फ्लाइट गेम्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने २०१९ साली काढलेला 'मार्व्हल चॅम्पियन्स' हा खेळ निराळा आहे. येथे पैज नाही. १ ते ४ खेळाडू मिळून एका खलनायकाशी झुंजतात आणि जिंकतात वा हरतात तेही एकत्रच.

प्रत्येक वीराची गड्डी ४० ते ५० पत्त्यांची असते. प्रतिप्रहाराची गड्डी रचावयाची तर आम्ही स्पायडर-मॅन निवडू. त्याचे संरक्षणबळ ३, प्रहारबळ २. शिवाय खलनायक त्याच्यावर चालून आला की त्यास १ पत्ता अधिक मिळतो. 'आर्मर्ड व्हेस्ट' या चिलखताने संरक्षणबळ ४ होते. त्यास जोड 'काउंटर-पंच'ची. या पत्त्यास काहीच मोल पडत नाही. वीराने हल्ला अडविला की हल्लेखोरास वीराच्या प्रहारबळाइतका घाव बसतो. असे ३ पत्ते घेता येतात, तिन्ही घ्यावेत.

मात्र बचाव करणारा वीर थकतो. पुढील पाळीत आपल्या अंगबळाने त्यास ना प्रहार करता येतो, ना खलनायकाचे कारस्थान रोखता येते. आणि कारस्थान तडीस गेले की डाव बुडाला! म्हणून बचावानंतर वीरास पुन्हा उभे करणारा 'इंडॉमिटेबल' हा पत्ता हवाच.

शेजाऱ्यावरील हल्लाही आपल्या वीरास अंगावर घेता येतो, व तेव्हाही प्रतिप्रहार चालतो. तेव्हा पालकहो, मुले गड्डी रचू लागली की त्यांना आधी एवढेच विचारावे: दुबळ्या सोबत्यापुढे उभे कोण राहणार?