सुट्ट्या पैशांचा धडा

सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा आणि तीन पैंचा पैसा. या चलनात वाढलेल्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी घोकावीच लागे, कारण पाव आणि पाऊण रुपयाचे व्यवहार रोजचे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि अंकलिपीतले हे पाढे हळूहळू मागे पडले. ३० जून २०११ पासून पावली आणि तिच्याखालची नाणी बाद झाली. रुपये-पैशांची दशांश चिन्हातली उदाहरणं पुस्तकात राहिली, दुकानातला त्यांचा आधार मात्र गेला.

चलन असं बदलत असताना वर्गातली रीत फारशी बदलली नाही. फळ्यावर नाण्याचं वर्तुळ, पुस्तकात नोटांची चित्रं, गुरुजी हौशी असले तर खेळातल्या कागदी नोटा आणि वर्षातून एकदा बाल आनंद मेळाव्यात मुलांनीच मांडलेला भाजी-भेळेचा बाजार. हिशेब खरा पक्का व्हायचा तो या बाजारात, पण तो एका दुपारीच आटोपायचा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हा बाजारही उठला. घरातल्या एकुलत्या फोनवर धडा पोचवायचा, तर नाणी-नोटाही पडद्यावरच आणणं भाग होतं. तयार खेळ इंटरनेटवर चिकार होते, पण त्यातले बरेचसे अमेरिकी नाण्यांचे. तिथलं दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा आकाराने लहान; दुसरीतल्या पोराने ते कशाच्या आधारे ओळखायचं? मग अनेक शिक्षक आपल्याच नोटांची चित्रं घेऊन खेळ रचायला बसले: वस्तूवर किमतीची चिठ्ठी, खाली नाणी-नोटा, बोटाने ओढून गल्ल्यात टाकायच्या.

अशा खेळात काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. कंपासपेटी ७३ रुपयांची. एखादं मूल एकेक रुपयाचं नाणं ओढत राहतं, त्र्याहत्तराव्या नाण्याला पडद्यावर ‘शाब्बास’ झळकतं. उत्तर बरोबर, पण मुलाला पन्नासची नोट कळली की नाही, हे शिक्षकाला समजलेलंच नाही. सूचनेत ‘कमीत कमी नाणी-नोटा वापर’ एवढे शब्द घातले की खेळ पालटतो. आता पन्नास, वीस, दोन आणि एक, अशा चारच गोष्टींत काम भागवायचं असतं. मूल वीसच्या तीन नोटा ठेवून बघतं, अडखळतं, काढून घेतं आणि पुन्हा मांडतं. चुकलं तरी कुणी हसत नाही, हा पडद्याचा मोठाच फायदा.

मोड देण्याचं गणित याहून अवघड. वर्गात आपण शंभरातून सत्तावन्न वजा करायला लावतो, हातचे घेताना मुलं गडबडतात. किराणा दुकानदार वजाबाकी करतच नाही. सत्तावन्नवर तीन रुपये ठेवून ‘साठ’ म्हणतो, मग विसाच्या दोन नोटा ठेवत ‘ऐंशी, शंभर’. ही रीत ज्या खेळांत उतरली, ते खेळ उपयोगी पडले.

शाळेतलं आणि बाजारातलं गणित एकमेकांना किती परकं राहतं, हे २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी, झटपट करतात, पण तसलीच उदाहरणं शाळेच्या पद्धतीने मांडली की अडतात. फक्त शाळेत शिकलेल्या मुलांची अडचण नेमकी उलटी.

दरम्यान घरातला पैसाच पडद्यात शिरला. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने भाजीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर कोड लावला. ‘जा, दूध आण आणि उरलेले पैसे नीट मोजून घे’ असं सांगून मुलाला धाडण्याचे प्रसंग कमी झाले. त्र्याहत्तर रुपये म्हणजे त्र्याहत्तरच जातात. मोड उरत नाही, त्यामुळे ती तपासायची सवयही लागत नाही. पूर्वी शाळा कमी पडली तरी दुकान शिकवून सोडायचं. आता ते काम बऱ्याच अंशी शाळेच्याच अंगावर आलं आहे.

म्हणून ऑनलाइन खेळ निवडताना शिक्षकाने त्याची रंगसंगती आणि टाळ्यांचा आवाज बाजूला ठेवून एकच गोष्ट तपासावी: मूल त्यात नुसतं गिऱ्हाईक होतं, की कधी गल्ल्यावरही बसतं?