कडाकणी, गूळ आणि पक्व ऊस



नवरात्राच्या आधी आमच्या गटातल्या एका गावच्या शाळेत जाण्याचा योग आला. गेलो होतो बेणेमळा पाहायला, पण गुरुजींनी आग्रहाने थांबवून घेतले. शाळेच्या पडवीत तीन चुली पेटल्या होत्या. गावातील चार वयस्क आज्ज्या आठवी-नववीच्या मुलामुलींना कडाकणी शिकवत होत्या.

देवीच्या फुलोऱ्याला आपल्या भागात कडाकणी लागतेच. पण अलीकडे बहुतेक घरांत ती विकत येते. घरात करणारे हात म्हातारे झाले आणि शिकणारे कोणी राहिले नाही, म्हणून शाळेने हा घाट घातला होता.

मुले वह्या उघडून बसली. "आज्जी, गूळ किती?" आज्जी म्हणाल्या, "हाताला कळतंय बघ." मग मुलांनीच त्यांची मूठ वाटीने मोजली. चार वाट्या कणीक, एक वाटी रवा, एक वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ व चार चमचे कडकडीत तेलाचे मोहन. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळायचा आणि त्या पाण्यात पीठ घट्ट भिजवून तासभर झाकून ठेवायचे. पातळ लाटून मंद आचेवर तळायचे. तेलातून काढताना कडाकणी मऊच असते, गार झाली की कडक होते. गूळ जास्त पडला तर ती तेलात फुटते.

एका मुलाने विचारले, "आमच्या घरची कडाकणी दुसऱ्या दिवशी लोळागोळा का होते?" आज्जींनी उत्तर दिले नाही. दोन भेल्या पुढे ठेवल्या. एक टणक, दुसरी पावसाळ्यात पाझरून चिकट झालेली. दोन्हींच्या वेगवेगळ्या कडाकण्या करून उघड्या परातीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा निरोप आला, पहिल्या कुरकुरीत आहेत, दुसऱ्या वाकतात. आज्जींचे म्हणणे एवढेच, "त्यो गूळ कवळ्या उसाचा हाय."

यात शास्त्र आहे, ते समजून घेऊ. कोवळ्या उसाच्या रसात खडीसाखरेसारखे दाणे धरणारी साखर कमी आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असते. या साखरा हवेतील ओल ओढतात, म्हणून गूळ पाझरतो आणि त्याची कडाकणी मऊ पडते. मोठ्या बांधणीनंतर युरिया टाकला, किंवा तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडून राहिला, तरी हेच होते. कारखान्यात या साखरेचे दाणे बनत नाहीत, ती मळीत जाते आणि उतारा घटतो. ऊसदर उताऱ्याशी बांधलेला आहे, तेव्हा नुकसान सर्वांचेच.

आता कटू वाटले तरी बोलतो. तोड लवकर मिळावी म्हणून काही सभासद लागणीची तारीख महिना-दीड महिना मागची नोंदवतात. आम्हीही हंगामाच्या सुरुवातीला गाळप पुरे व्हावे म्हणून कधी कधी तिकडे काणाडोळा केला आहे. त्या आज्जींपुढे बसल्यावर याची लाज वाटली. त्यांनी जे नुसत्या भेलीवर हात फिरवून ओळखले, ते आमच्या हातात ब्रिक्समापक असून आम्ही पाहिले नाही.

तेव्हा आडसाली 16 ते 18 महिन्यांचा व सुरू 12 महिन्यांचा झाल्यावरच तोडीचा आग्रह धरावा. शेंड्याकडील व बुडख्याकडील कांड्यांचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस पक्व समजावा. लागणीची तारीख खरी सांगावी, आम्हीही ती फडावर येऊन पाहू. तोडलेला ऊस 24 तासांत गाळपास येईल असे बघू.

आणि एक विनंती. घरातील आज्जीला यंदा कडाकणी करायला बसवा आणि शेजारी नातवंडांना बसवा, मुलगेसुद्धा. मुठीचे माप त्यांच्या वहीत उतरू द्या. ती मूठ कायम राहणार नाही.

— ऊस विकास अधिकारी