वायफाय जुळत नाही : दोष फोनचा की तारेचा?

दहावीचा निकाल लागला, की ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत घरोघरी अकरावीच्या प्रवेशाची लगबग सुरू होते. मुंबई महानगर क्षेत्रात ही प्रक्रिया अनेक वर्षे ऑनलाइन होतच होती. २०२५ पासून ती सर्व राज्याला लागू झाली. उत्पन्नाचा वा अधिवासाचा दाखला 'आपले सरकार' संकेतस्थळावरून मागावयाचा, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा. ज्या घरी संगणक नाही, तेथे हे सारे काम स्मार्टफोनवर चालते. अशा वेळी फोन वायफायशी जुळला नाही, तर मुदत टळण्याची भीती असते.

या भीतीपोटीच घाईचे उपाय केले जातात. फोन दुकानात दिला जातो आणि तेथे 'फॅक्टरी रीसेट' केला, की जपून न ठेवलेली छायाचित्रे व कागदपत्रे पुसली जातात. वस्तुतः एवढ्या टोकाला जाण्याची गरज क्वचितच असते. दोष तीन ठिकाणी संभवतो : फोनमध्ये, घरातील राऊटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या तारेत. घरातील दुसरा फोन त्याच वायफायवर चालतो काय, हे प्रथम पाहावे. तो चालत असेल तर बिघाड बहुधा पहिल्या फोनपुरता आहे. एकही चालत नसेल, तर फोनला हात लावण्यात अर्थ नाही.

फोनमधील दोष बहुधा साधे असतात. विमानप्रवासासाठीची 'एअरप्लेन' खूण चुकून दाबली गेलेली असते. राऊटरचा पासवर्ड बदललेला असतो, पण फोन जुनाच पासवर्ड पुनःपुन्हा पाठवीत राहतो. त्यासाठी त्या नेटवर्कचे नाव फोनमधून काढून टाकावे व पासवर्ड नव्याने, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सांभाळून, लिहावा. फोनमधील तारीख चुकीची असल्यास वायफाय जुळूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. एवढ्याने भागले नाही, तर केवळ नेटवर्कच्या सेटिंग पूर्ववत करण्याची सोय फोनमध्ये असते. तिच्यामुळे साठविलेले वायफायचे पासवर्ड व ब्लूटूथच्या जोडण्या जातात. छायाचित्रांना धक्का लागत नाही. फॅक्टरी रीसेट आणि ही सोय यांतील फरक प्रत्येक फोनधारकाने जाणून घ्यावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

राऊटर सामान्यतः दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण सिमेंट-काँक्रीटच्या भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. जुने व स्वस्त फोन कित्येकदा पहिलीच पट्टी ओळखतात, म्हणून दुसऱ्या पट्टीचे नाव त्यांना दिसतच नाही. डोंबिवलीच्या दाटीच्या सोसायटीत एका घरात शेजारपाजारच्या दहा-पंधरा राऊटरांची नावे दिसणे नवलाचे नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. साहजिकच तेथे गर्दी होते आणि जोडणी वारंवार तुटते. राऊटर लोखंडी कपाटामागे वा स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हच्या शेजारी ठेवू नये. मायक्रोवेव्हही याच पट्टीत काम करतो.

रेल्वे स्थानकांवर तक्रार निराळी असते. रेलटेलच्या सेवेचा प्रारंभ जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथे झाला. अशा ठिकाणी फोन 'जोडला गेला' असे दाखवितो, पण पाने उघडत नाहीत. कारण मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी भरल्याशिवाय वाट मोकळी होत नाही. ते नोंदणीचे पान आपोआप न आल्यास फोनमधील व्हीपीएन बंद करून पाहावा.

घरातील सर्वच फोन अडले असतील, तर राऊटर बंद करून मिनिटभराने सुरू करावा. फायबरच्या पेटीवरील तांबडा दिवा सामान्यतः बाहेरची तार तुटल्याचे सांगतो. इमारतींवरून लोंबकळत गेलेल्या तारा पावसाळ्यात आणि खोदकामात तुटतातच. वीज गेली तर राऊटरही मिटतो. पूर्वीच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधील बॅटरीतून तांब्याच्या तारेवाटेच मिळे, म्हणून घरातील दिवे गेले तरी तो चालू राही. फायबरला ती सोय नाही. अर्जाची मुदत जवळ आली असेल, तर राऊटरसाठी बॅटरीची छोटी पेटी घेणे किंवा दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर काम उरकणे श्रेयस्कर.

मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधून लावणे मात्र धोक्याचे आहे. तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक आढळतात. क्रमांक बिलावरूनच घ्यावा. दूरध्वनीवरून कोणी ओटीपी मागितला किंवा फोनचा पडदा दुरून पाहण्याचे ॲप घ्यावयास सांगितले, तर नकार द्यावा. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. सेवा स्थानिक केबलचालकाकडून घेतली असली, तरी बिलावर परवानाधारक कंपनीचे नाव पाहावे आणि तक्रार तिच्याकडे नोंदवून तिचा क्रमांक मागावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार, तक्रारीचे निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या वेळी हा क्रमांक लागतो.